डाव्या हाताचा क्लच

नागपूर,
६ ऑक्टोबर १९८५

तारादादा,
सप्रेम जयभीम.

पत्राले उशीर झाला, रागावू नको. जरीपटक्यात आता गॅरेजं वाढली, तरी कार्बोरेटरसाठी लोक माह्याकडेच येतात. आमची पुष्पा चालाले लागली. जया म्हणते, यंदा दसऱ्याले दीक्षाभूमीवर याल तर कुसुमवैनीलेही आणा, प्रताप नगरातलं नवीन घर त्यांनी पाहिलं नाही.

आता कामाचं. तो परदेशी विद्यार्थी शिकणं संपवून गेला तेव्हा मी त्याची जपानी चारशे सीसीची मोटरसायकल घेतली होती, आठवते ना? ती पूर्ण उघडून पुन्हा जोडली. चार सिलेंडर, अशी गाते की काय सांगू! फेब्रुवारीत मद्रासकडच्या शर्यतीत नाव घालाचं पक्कं केलं. तूच म्हणत होता, नागपूरचा एक तरी पोरगा तिथं पहिल्या तिघांत दिसला पाहिजे. मी आता एकतिशीचा झालो. यंदा नाही तर मग कवा?

एक अडचण आहे. मागच्या रविवारी सकाळी उमरेड रोडवर गाडी काढली. वळण आलं, ब्रेक दाबला, गिअर भराभर खाली टाकले अन् क्लच सोडताच मागचं चाक अडलं. नुसतं नाचलं म्हण. गाडी आडवी झाली अन् मी सरळ ज्वारीच्या वावरात. लागलं काही नाही. कोळशाचे ट्रकवाले थांबले, हसले अन् गेले.

तुह्या तिकडच्या शर्यतवाल्यांकडे म्हणे असा क्लच असते की गिअर कसाही धाडकन टाकला तरी तो स्वतःच थोडा घसरते अन् चाक अडू देत नाही. स्लिपर क्लच. गाडीसोबत येत नाही, वरून बसवावा लागते. दोन-तीन जातीचे आहेत असं ऐकलं. तू रोज तेच काम करतं, तर कोणता घ्यावा ते सांगजो. माही अट एकच. लिव्हर हलका पाहिजे. एकदम हलका.

तुहा,
देवराव


पुणे,
१२ ऑक्टोबर १९८५

प्रिय देवा,
जयभीम.

वावरात पडलास हे वाचून कुसुम घाबरली. मी तिला म्हटलं, ज्वारी मऊ असते. पण घाबरलो मीही होतो.

या गाडीसाठी चालतील असे दोनच क्लच मला ठाऊक आहेत. एक इंग्लंडचा. त्यात उताराच्या खाचा आणि गोळ्या असतात. चाक इंजिनाला उलटं ओढायला लागलं की गोळ्या खाचांवर चढतात, वरची थाळी उचलतात आणि प्लेटा घसरतात. लिव्हर हलका. पण त्याचा एक दोष ध्यानात ठेव. तिथल्या शर्यतीत गाडी ढकलून सुरू करावी लागते, आणि या क्लचात चाकाचा जोर इंजिनापर्यंत नीट पोचतच नाही. बाकीचे निघून जातील आणि तू ढकलत राहशील.

दुसरा जपानी. त्यात निम्म्याच प्लेटा घसरतात, निम्म्या धरून राहतात. ढकलून गाडी लगेच सुरू होते. लिव्हर जड आहे, पण तुझ्यासारख्याला काय त्याचं! मी दुसराच घे म्हणेन.

खरं सांगू? तुला हा क्लच लागावा याचंच मला नवल वाटतं. आपण एकत्र होतो तेव्हा सगळे तुझा डावा हात बघायला थांबत. तू गिअर कधी टाकलास ते मागे बसलेल्याला कळत नसे. तो हात कुठं गेला? आधी केबल बघ. तेल दे, वळण सरळ कर. क्लचच्या बेअरिंगला हात लावून बघ. नवा भाग घालण्याआधी जुना का बिघडला ते शोधावं, हे तूच लोकांना सांगतोस.

तुझा,
ताराचंद


नागपूर,
२० ऑक्टोबर १९८५

तारादादा,
जयभीम.

केबल नवी टाकली. बेअरिंग बदललं. प्लेटा पाहिल्या, कोऱ्या आहेत. काही फरक नाही.

तू म्हणतं हात कुठं गेला. हात इथंच आहे गा! फक्त लिव्हर कुठं धरते अन् कुठं सोडते ते आधीसारखं कळत नाही. गाडी चारशेची आहे, थरथर जास्त, म्हणून हात झोपते. सगळ्याच गाडीवाल्यांचे झोपतात. मी मुठीवर जाड रबर चढवलं. उन्हाळ्यापासून आहे हे, नवीन नाही.

काल तर गंमतच झाली. एका गाडीचं सायलेन्सर गरम होतं, त्याच्यावर माहा हात टेकून राहिला. जया डबा घेऊन आली होती, ते ओरडली तवा मले कळलं. करंगळीच्या बाजूनं चांगलं भाजलं. ते म्हणते, तुमचं ध्यान कुठं असते? ध्यान शर्यतीत असते, आणखी कुठं राहीन!

तर इंग्लंडवालाच पाहून दे. जड लिव्हर नको. ढकलायचं माहं मी पाहीन. काहून काहून इचारू नको, मिळते का तेवढं कळव.

देवराव

दसऱ्याले येऊन राहिले का नाही ते लिहिलं नाही तू.


पुणे,
२९ ऑक्टोबर १९८५

प्रिय देवा,

दसऱ्याला सुट्टी मिळाली नाही. राग मानू नकोस.

इंग्लंडचा क्लच सापडला. आपल्या भंडाऱ्याकडचा रुपराव आता मद्रासला गाड्यांचं काम करतो, त्याच्याकडे एक पडून आहे. त्याच्या गाडीचा मालक परदेशी गेला. रुपराव म्हणाला, नागपूरच्या माणसाला देतो, पण स्प्रिंगा किती ताणाच्या हव्यात ते आधी कळवा. तुझं वजन, गाडीचं वजन आणि लिव्हर किती बोटांनी ओढतोस ते लिही.

आता थोडं मोठा भाऊ म्हणून. सायलेन्सरवर हात भाजतो आणि ओरडते बायको, हे मला पटलं नाही. तू घेत तर नाहीस ना? दुकानात कोणाकोणासोबत बसतोस? स्पष्ट लिही. नशेत असलेल्या माणसाला मी कुठलाही क्लच पाठवणार नाही.

कुसुमनं तुझं पत्र माझ्या हातातून घेऊन दोनदा वाचलं. दवाखान्यात नर्स असल्यामुळे तिला प्रत्येकात रोगी दिसतो. तिनं तीन प्रश्न विचारायला सांगितले आहेत, ते उतरवून देतो. नेमकी कोणती बोटं झोपतात? गाडीवरून उतरल्यावर ती जागी होतात का? आणि भाजलं तेव्हा दुखलं का?

एवढं लिहिलंस की घरात शांतता होईल.

तुझा,
ताराचंद


पुणे,
२५ नोव्हेंबर १९८५

प्रिय देवा,

महिना होत आला, तुझी चार ओळींची चिठ्ठी नाही. नशेचं लिहिलं त्याचा राग आला असेल तर मी शब्द मागे घेतो. रुपराव वाट बघतो आहे. शर्यतीत नाव द्यायची मुदत डिसेंबरात संपते. कुसुम रोज घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारते, "नागपूरचं पत्र आलं?" मी नाही म्हटलं की ती तुझं जुनं पत्र काढून बसते. त्याचंच मला जास्त वाटतं.

पोस्टकार्ड टाक. नुसतं "ठीक आहे" लिहिलंस तरी चालेल.

ताराचंद


नागपूर,
३ डिसेंबर १९८५

कुसुमताईंना,
जयाचा जयभीम.

हे पत्र मी यायले, पुष्पाच्या बाबाले, न सांगता लिहून राहिले. शेजारच्या यमुताईंच्या हातून टाकीन. भाऊजींनी यायले काही कळवू नये.

तुमचं ते तीन प्रश्नांचं पत्र आलं तवापासून घरात काही बरोबर नाही. पत्र वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं अन् न जेवता निघून गेले. त्या दिवसापासून अंगात लांब बाह्यांचा शर्ट. गॅरेजातही बाह्या वर करत नाहीत. अंगणात वेगळी खाट टाकली, म्हणतात मले उकडते. डिसेंबरात उकडते! ताट वेगळं, गिलास वेगळा, स्वतःच्या हातानं धुऊन ठेवतात. पुष्पा पायाले बिलगली तर तिले हातानं नाही, गुडघ्यानं दूर सारलं. पोरगी रडत राहिली अन् हे भिंतीकडं तोंड करून उभे.

मले आधी वाटलं, दुसरी कोणी असंन. तुमच्यापासून काय लपवू! एक दिवस मी इचारलंही. तर हसले. असे हसले की मले ते बाई असती तर बरं झालं असतं वाटलं.

मागच्या आठवड्यात हे गावी जाऊन आले. आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काहून गा, अचानक काहून गेला?" तर म्हणे, धोंडबाकाकाची झोपडी आहे का पडली ते पाहाले गेलो होतो. सासूबाई उठून आत निघून गेल्या. हे धोंडबाकाका कोण, मले कोणी सांगत नाही.

आंघोळीच्या वेळी मी मुद्दाम गेले. डाव्या कोपराखाली एक फिकट डाग आहे, रुपयाहून मोठा. म्हणाले, उन्हानं झाला. हाताची करंगळी अन् जवळचं बोट आता सरळ होत नाही, वाकून राहते. गाडी मात्र रोज काढतात. परवा रेल्वे फाटकाशी पडले. दोन माणसांनी उचलून आणलं.

ताई, हे काय होय? तुम्हाले समजलं असंन तर मले सांगा. मले न सांगता मात्र राहू नका.

तुमची,
जया


पुणे,
८ डिसेंबर १९८५

देवा,

तू उत्तर देत नाहीस म्हणून मीच लिहितो. तुझी दोन्ही पत्रं कुसुमनं शेजारी ठेवून पुन्हा वाचली. हात झोपतो, लिव्हर कळत नाही, भाजलं ते दुखलं नाही. मी त्यात केबल आणि बेअरिंग वाचत बसलो. तिनं जे वाचलं ते आता मी लिहितो.

तिला वाटतं तुझ्या कोपरातली नस सुजली आहे. तिला वाटतं हा कुष्ठरोग असेल. असेल म्हणते, आहे म्हणत नाही, कारण तिनं हात पाहिलेला नाही. डाग असेल तर डॉक्टर पाच मिनिटांत सांगतील.

तुला कोण आठवलं ते मला ठाऊक आहे. मलाही तेच आठवले. नाल्यापलीकडच्या झोपडीतले धोंडबाकाका. बाबांचे चुलतभाऊ, पण आपण त्यांना कधी घरात पाहिलं नाही. पण देवा, तेव्हा औषध पुरेसं नव्हतं. आता आहे. कुसुमच्या दवाखान्यात लोक गोळ्या घेऊन जातात आणि कामावर जातात. ती म्हणते, नस सुजून सहा महिने व्हायच्या आत औषध लागलं तर बोटं परत येऊ शकतात. तू उन्हाळ्यापासून म्हणतोस. म्हणजे किती झाले, तूच मोज.

शर्यत गेली खड्ड्यात. क्लच गेला खड्ड्यात. दवाखान्यात जाय गा, हात जोडतो तुले.

ताराचंद


नागपूर,
१४ डिसेंबर १९८५

तारादादा,

तुम्ही दोघांनी पुण्यात बसून ठरवूनही टाकलं? हात न पाहता, मले न पाहता? मी तुले क्लच मागितला होता, रोग नाही.

मले काही झालं नाही. थरथरीनं नस दबली, बस. रुपरावले लिही, क्लच पाठव म्हणा. मी फेब्रुवारीत मद्रासले जाईन अन् पहिल्या तिघांत येईन. मग पाहू कोण माह्या हाताचं नाव काढते. हलका लिव्हर असला, घसरणारा क्लच असला, तर डाव्या हाताले कामच काय उरते? एवढंच मी मागून राहिलो.

तू धोंडबाकाकाचं नाव काढलं म्हणून सांगतो. तू शिकाले नागपुरात होता, तुले अर्धंच माहीत आहे. भाकर नेऊन द्याचं काम माह्याकडे होतं. दगडावर ठेवाची, मागं सरकाचं, मग हाक माराची. ते येत, भाकर उचलत अन् म्हणत, "देवा, बस ना थोडा." मी एकदाही बसलो नाही. पळत येत होतो. आईनं सांगितलं होतं, अंगावर वारंही घेऊ नको.

आता जरीपटक्यात हे नाव निघालं तर माह्या हातात कोण गाडी देईन? कोण माह्या हातचं पाणी पिईन? प्रताप नगरात घरमालक ठेवीन? पुष्पाले शाळेत कोण घेईन? तुले पुण्यात बसून लिहाले सोपं आहे.

पुन्हा असं पत्र घरी पाठवू नको. जया वाचते.

देवराव


पुणे,
१७ डिसेंबर १९८५

देवराव,

मी कुसुम. तुमचं पत्र वाचलं. रविवारी सकाळच्या गाडीनं नागपूरला उतरते. दोन आठवड्यांची रजा काढली आहे. हे शर्यतीच्या कामात अडकले आहेत, मी एकटीच येईन. स्टेशनवर तुम्हीच या. मोटरसायकल आणू नका, रिक्षानं जाऊ.

दवाखान्यात या म्हणून मी तुम्हाला ओढणार नाही. फक्त हात पाहीन.

कुसुमवैनी


नागपूर,
२९ डिसेंबर १९८५

भाऊजींना,
जयाचा जयभीम.

कुसुमताई अजून इथंच आहेत. त्याच म्हणाल्या, सगळं तूच लिही, मी लिहिलं तर दवाखान्याच्या कागदासारखं होईल.

हे स्टेशनवर गेले, पण सामान उचललं नाही म्हणे. हात खिशात. घरी आल्यावर ताईंनी चहासुद्धा घेतला नाही. म्हणाल्या, "देवराव, शर्ट काढा."

"वैनी, जया इथं आहे."

"असू द्या. तिचाच नवरा आहे."

मी हललेच नाही. ताईंनी कापसाची वात केली अन् यायले डोळे मिटाले सांगितले. म्हणाल्या, जिथं लागंन तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा. दंडावर लागलं, यायनं बरोबर ठेवलं. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूनं लागलं, बरोबर ठेवलं. मग डागावर लावलं. हे तसेच बसून. करंगळीवर लावलं. हे तसेच बसून. अन् मग डोळे मिटूनच म्हणाले, "वैनी, लावा ना, थांबल्या काहून?"

मले तिथं उभं राहावलं नाही. मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मग ताईंनी कोपराच्या मागं बोटं फिरवली. मलेही फिरवाले लावली. आत नस सुतळीसारखी जाड झाली आहे. हे म्हणाले, "जया, हात धुऊन घे." ताई एकदम कडाडल्या, "कशाले धुवाचा? मी धुतला का?" पुण्यात राहून इतकी वर्षं झाली, पण त्या वेळी पक्क्या नागपूरच्या बोलल्या.

सोमवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. हे फाटकापाशी थांबले. म्हणाले, आत कोणी ओळखीचं असंन. ताई म्हणाल्या, "असलं तर तेही औषधालेच आलं असंन." अन् खरंच होतं, जरीपटक्यातला एक कापडवाला बाकावर बसून होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं अन् दोघंही छताकडं पाहाले लागले.

डॉक्टर म्हणाले, तोच रोग आहे. कमी आहे. सहा महिन्यांचं औषध, सोबत नसेची सूज उतरवाची गोळी, अन् रात्री हाताले बांधाची फळी. यायनं एकच इचारलं, "माह्या पोरीले?" डॉक्टर म्हणाले, तुमच्या प्रकारात दुसऱ्याले लागण सहसा होत नाही, अन् औषध चालू झालं की त्याचीही काळजी नाही. घरी एका ताटात जेवा.

पहिल्या दिवसाच्या गोळीनं लघवी लाल झाली. यायले वाटलं रक्त पडून राहिलं. मोरीतूनच ओरडले. ताईंनी सांगितलं, औषधाचाच रंग आहे, तवा जीवात जीव आला.

बोटं परत येतील काय, ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणतात, उशीर झाला आहे, पण फार नाही. "फार नाही" म्हणजे किती, ते मी इचारलं नाही. हिंमत झाली नाही.

तुमची,
जया


नागपूर,
९ मार्च १९८६

तारादादा,
जयभीम.

मी मधात तुले लिहिलं नाही. लिहाले काही चांगलं नव्हतं.

मद्रासची शर्यत झाली, पेपरात दोन ओळी आल्या. मी तो पेपर गॅरेजात नाही आणला. गाडी ताडपत्रीखाली आहे. डॉक्टरांनी गाडीले मनाई केली.

नाव बाहेर फुटलं. कसं ते माहीत नाही. कापडवाल्यानं नाही सांगितलं, तो तर मले भाऊ म्हणाले लागला. एका दिवसात तीन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या घेऊन गेली. एकानं तर चावी माह्या हातातून नाही घेतली. म्हणे, "उसको वहाँ रख दो." मी बाकावर ठेवली. तो दूर उभा. मी मागं सरकलो तवा त्यानं उचलली. दादा, मले वाटलं मी नाल्यापलीकडं उभा आहे अन् इकडून कोणी भाकर ठेवून पळून राहिलं.

घरी येऊन जयाले म्हटलं, गॅरेज बंद करतो. दुसऱ्या दिवशी ते पुष्पाले कडेवर घेऊन सकाळीच गॅरेजात आली अन् समोरच खुर्ची टाकून बसली. येईन त्याले सांगे, "यायले कुष्ठरोग झाला होता, औषध चालू आहे, ही माही पोरगी, एका ताटात जेवतो. गाडी द्याची तर द्या, नाही तर पुढं जा." मले वाटे जमीन फाटावी. म्हटलं, "जया, काहून बोंबलत राहिली वं!" तर म्हणे, "लोक हळू बोलतात त्याचंच भेव आहे. मी जोरानं बोलते."

आठ दिवस बसली. अर्धी गिऱ्हाइकं गेली ते गेलीच. अर्धी आहेत. पोट भरते.

हाताचं काही सांगता येत नाही. सूज कमी आहे. रोज कापूस लावून पाहतो. काही कळत नाही, मग वाटते कळलं, मग वाटते मनानंच कळवलं. जया लावते तवा डोळे मिटून बसतो अन् छाती धडधडते. परीक्षेच्या निकालालेही एवढी धडधडली नव्हती.

रुपरावले सांग, क्लच दुसऱ्याले देऊन टाकावा.

देवराव


पुणे,
१८ मार्च १९८६

प्रिय देवा,
जयभीम.

रुपरावला मी काही सांगणार नाही. क्लच त्याच्याकडे राहू दे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू किल्ली बाकावर ठेवलीस ते वाचून मला पुढचं वाचवेना. तेव्हा नशेचं लिहिणारा मीच, ते मनातून जात नाही. कुसुम म्हणते, गोळी एक दिवसही चुकवू नकोस, आणि कापूस रोज लावू नकोस. पंधरा दिवसांनी लाव. रोज पेरलेलं उकरून पाहिलं तर उगवणार कसं?

जयाला माझा जयभीम सांग. उठून उभा राहून सांगितला असं सांग.

ताराचंद


नागपूर,
५ ऑक्टोबर १९८६

तारादादा,
जयभीम.

औषध जूनमधेच संपलं, पण नसेची तपासणी आतापर्यंत चालू होती. आता डॉक्टरांनी कागदावर बरा झाला म्हणून लिहून दिलं. मी तो कागद जयाच्या हातात दिला. तिनं वाचला अन् पुष्पाची वेणी घालत बसली. वेणी तीनदा उकलली.

आता सगळं खरं सांगतो, मोजूनमापून. अंगठा पूर्ण. पहिलं बोट पूर्ण, दुसरं पूर्ण, त्यांले कवा काही झालंच नव्हतं. तिसऱ्या बोटाले कापूस कळते, गरम-थंडही कळते, सरळही होते, जोर अर्धा. करंगळी नाही आली. थोडी वाकलेली आहे, तशीच राहील म्हणतात. पकड आधीच्या पाऊणपट असंन. गरम वस्तूजवळ हात नेताना अजून डोळ्यांनी पाहूनच नेतो. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण रोज हात पाहा, भाजला, कापला तर तुम्हाले उशिरा कळंन.

मागच्या रविवारी ताडपत्री काढली. जया फाटकात उभी होती, तिनं जा म्हटलं नाही अन् थांबाही म्हटलं नाही. उमरेड रोडवर गेलो. हळू चालवली. गिअर एक-एक करून टाकले. त्याच वळणावर पुन्हा चाक नाचलं, पण थोडं. मी सावरलं. गाडी बाजूले लावून खूप वेळ बसलो. भेव वाटलं, खोटं नाही सांगत. मले वाटलं होतं बरा झालो की भेव जाईन.

फेब्रुवारीत पुन्हा शर्यत आहे. जाईन का नाही माहीत नाही. मागच्या खेपेले मी तुले अर्धंच सांगून क्लच मागितला होता. आता हात जसा आहे तसा लिहिला. याच्यावरून तूच निवड.

तुहा,
देवराव


पुणे,
१३ ऑक्टोबर १९८६

प्रिय देवा,
जयभीम.

तुझी बोटं कागदावर मांडून मी आणि कुसुम दोन संध्याकाळी बसलो होतो. शेवटी इंग्लंडचाच. तू मागत होतास तोच बरोबर होता, पण आता तो हात लपवायला नव्हे. पहिली दोन बोटं शाबूत आहेत, तर लिव्हर त्या दोनच बोटांनी ओढायचा. तो आखूड करून तुझ्या हाताच्या मापानं वाकवायचा. तिसरं आणि करंगळी मुठीवर, त्यांनी फक्त धरून राहायचं. लिव्हर हलका आहे म्हणूनच दोन बोटांना झेपेल. स्प्रिंगा मी मऊ निवडल्या आहेत. गाडी ढकलून सुरू व्हायला त्रास देईल, हे खरं. उडी मारून पूर्ण वजनानं सीटवर बसायचं. ते शिकावं लागेल, पडशीलही एक-दोनदा.

क्लच रुपरावकडून माझ्याकडे पोचला आहे. पार्सलनं पाठवत नाही. पुढच्या आठवड्यात मी घेऊन येतो. गॅरेजातच उघडू, दुपारी, शटर वर करून. लिव्हर तुझ्या हातावर लावून वाकवायचा आहे, ते काम तुझा हात माझ्या हातात घेतल्याशिवाय होणार नाही.

शर्यतीला जा किंवा जाऊ नकोस, मी काही म्हणणार नाही. मला भीती वाटते, कुसुमला माझ्याहून जास्त वाटते, आणि जयाचं तर विचारायलाच नको. पण नवा क्लच बसवून पहिल्यांदा त्या वळणावर जाशील तेव्हा मी तिथं रस्त्याच्या कडेला उभा असेन.

तुझा,
तारादादा